कमरेचे दुखणे व त्यावर पिलाटीस पद्धतीचा व्यायाम

नांगराचा फाळ बोथटला तर आपण तो लोहाराकडे नेतो, बैलाच्या खांद्यास आवाळू आले तर तत्काळ जू उतरवून औषध लावतो, मोटारपंपाचा आवाज किंचित बदलला तरी आपला कान टवकारतो. परंतु ज्या एका अवजारावाचून यांपैकी एकही अवजार चालत नाही, ते अवजार म्हणजे कसणाऱ्याची स्वतःची पाठ, तिच्याकडे मात्र ती मोडून पडेपर्यंत आपले लक्ष जात नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही पाठीची रचना, ती दुखण्याची कारणे व त्यावर पिलाटीस नामक पद्धतीच्या व्यायामाचा उपयोग, हा विषय पाठरूपाने मांडण्याचे योजिले आहे.

आम्ही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेले. हा विषय आमच्याकडे कसा आला, ते प्रथम सांगणे इष्ट होय. गेल्या वर्षी आम्ही सेवानिवृत्त झालो व भोकरदन तालुक्यातील आपली वडिलोपार्जित सहा एकर जमीन स्वतः कसावी, या उमेदीने शेतावर गेलो. दोन एकर मिरची, बाकी कपाशी व मका, असा बेत होता. तीस वर्षे दप्तरावर वाकून बसलेल्या देहास आम्ही एकाएकी शेताच्या कामास जुंपले. आषाढात एके दिवशी भल्या पहाटे खताची गोणी बांधावरून उचलण्यास वाकलो, ते पुन्हा सरळ होता आले नाही. तीन आठवडे अंथरुणावर गेले. कोणी सुचविले म्हणून एका ठिकाणी कंबर चोळून व मोडून घेतली, त्याने दुखणे दुणावले. जमीन बटईने लावून द्यावी, असा विचार पक्का होत आला होता.

त्या दिवसांत एकदा आमच्या कुटुंबाने आमच्या पाठीस शेक देता देता सहज म्हटले, "तुमची कंबर धरली तर साऱ्या गावाला कळलं. माझी तीस वर्षांपासून दुखती, तिची नोंद कोणत्या दप्तरात हाय?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही नोकरीच्या गावी असता घरची खुरपणी, वेचणी, तोडणी तिनेच केली होती. पुढे श्रावणात पुण्याहून आमची भाची आली. ती व्यायामोपचाराचे शिक्षण घेतलेली आहे. तिने आम्हा उभयतांस तपासले, प्रथम डॉक्टरांकडे पाठवून धोक्याचे काही नाही अशी खात्री करविली आणि मग हा व्यायाम शिकविला. त्यास आता एक वर्ष होत आले.

पाठीची रचना

मनुष्याच्या पाठीचा कणा ३३ मणक्यांचा असतो. त्यांपैकी मानेचे ७, छातीच्या मागील १२ व कमरेचे ५ असे २४ मणके सुटे असून हलू शकतात. खालचे ५ एकत्र जुळून त्रिकास्थी झालेले असते व अगदी शेवटचे बहुधा ४ मिळून माकडहाड होते. सुट्या मणक्यांच्या मधोमध चिवट कडा व मऊ गाभा असलेल्या गाद्या असतात. कमरेच्या पाच मणक्यांवर वरील सर्व देहाचा भार पडतो, म्हणूनच दुखणे बहुधा तेथे उपजते.

कणा हा स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. मांडवाचा मधला खांब जसा चहूकडच्या ताणलेल्या दोरांनी उभा असतो, तद्वत् कण्यास स्नायूंचे दोर चहूंकडून धरून असतात. मागील बाजूस मणक्यामणक्यांना जोडणारे आखूड स्नायू असतात. पुढून व बाजूंनी पोटाचा सर्वांत आतला स्नायू कमरेस शेल्यासारखा वेढलेला असतो. वरून श्वासपटल व खालून ओटीच्या तळाचे स्नायू, असे झाकण आणि बूड त्यास असते. ही चारही अंगे वेळेवर आवळली म्हणजे कमरेस आतून पट्टा बांधल्यासारखा होतो. हातपाय हलण्यापूर्वीच हा पट्टा आपोआप आवळावा, अशी निसर्गाची योजना आहे. परंतु पाठ एकदा दुखली की, हे खोल स्नायू उशिरा जागे होतात व कृश होतात, असे तपासणीत पुष्कळांच्या बाबतीत आढळले आहे. दोर सैल आणि खांबावर भार तोच, म्हणून दुखणे पुन्हा पुन्हा उलटते.

ओझ्याचे गणित

पहारीने दगड उचटणाऱ्या प्रत्येकास तरफेचा नियम हातांनी ठाऊक असतो. तोच नियम पाठीस लावून पाहावा. कमरेच्या मणक्यापासून पाठीचे स्नायू सुमारे ५ सेंटिमीटर मागे असतात. आपण वाकून २० किलोचे ओझे कमरेपासून ५० सेंटिमीटर पुढे धरले, तर ओझ्याचा हात स्नायूच्या हाताच्या दहापट झाला. म्हणजे केवळ ते ओझे तोलण्यास स्नायूंना २०० किलोचा ताण द्यावा लागतो व तो सर्व दाब मणक्यांवर येतो. वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन यात धरलेलेच नाही. तेच ओझे छातीशी घेऊन २५ सेंटिमीटरवर आणले की, ताण निम्मा होऊन १०० किलो राहतो. ओझे तेच, मनुष्य तोच. केवळ धरण्याच्या रीतीने निम्मा भार वाचला.

आता आपल्या कामांकडे पाहावे. फवारणीच्या १६ लिटरच्या पंपात नुसते पाणीच १६ किलो, शिवाय पंपाचे वजन वेगळे. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची असे, ती २०१८ पासून ४५ किलोची झाली. तरी धान्याचा कट्टा ५० किलोचा असतोच. एका प्रौढ पुरुषाने उचलावयाचे ओझे ५५ किलोहून अधिक नसावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ साली केली. ती शेतात कितपत पाळली जाते, हे वाचकांस सांगणे नको.

परंतु केवळ जड ओझ्यानेच पाठ जाते, ही समजूत अपुरी आहे. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीचे ढीग पाहून आपणांस समाधान वाटते. त्यातील प्रत्येक मिरची कोणीतरी ओणवे राहून तोडलेली असते. खुरपणीत तासन्‌तास उकिडवे बसणे, कपाशी वेचताना कमरेस ओटी बांधून वाकून पुढे सरकणे, ट्रॅक्टरच्या बैठकीवर दिवसभर हादरे खाणे, ही कामे हलकी दिसतात खरी. पण एकाच स्थितीत दीर्घकाळ ताणलेले स्नायू व बंध हळूहळू सैलावतात. ही थकबाकी रोज थोडी थोडी साचते आणि वसुली मात्र एके दिवशी एकदम होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रात्री निजलेले असता मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगतात व पहाटे त्या ताठलेल्या असतात. त्या वेळी पुरते वाकल्यास त्यांच्या कडांवर ताण अधिक येतो. उठल्याबरोबर पहिल्या तासाभरात जड ओझे उचलू नये, यातील मर्म हेच. आमची गोणी पहाटेचीच होती.

ही पद्धत कोणाची व कोठली

जोसेफ पिलाटीस यांचा जन्म ९ डिसेंबर १८८३ रोजी जर्मनीतील म्योन्शनग्लाडबाख या गावी झाला. बालपणी ते दमा व मुडदूस यांनी गांजलेले होते. प्रकृती सुधारण्याच्या हेतूने त्यांनी नाना प्रकारचे व्यायाम अभ्यासिले. पुढे ते इंग्लंडात गेले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन नागरिक म्हणून इंग्रज सरकारने त्यांना स्थानबद्ध केले व त्यांचा पुष्कळ काळ मॅन बेटावरील छावणीत गेला. तेथे त्यांनी सोबतच्या बंदिवानांस व्यायाम शिकविला, व अंथरुणास खिळलेल्यांस पडल्यापडल्या व्यायाम करता यावा म्हणून खाटेस स्प्रिंगा जोडल्या, असे सांगतात. त्यांच्या पुढील उपकरणांची घडण पाहता हे संभवनीय दिसते. १९२६ च्या सुमारास ते अमेरिकेत न्यूयॉर्क येथे गेले व आपल्या सहचारिणी क्लारा यांच्यासह त्यांनी व्यायामशाळा चालविली. नर्तक व नर्तकी तेथे दुखापतीनंतर येत असत. आपल्या पद्धतीस ते 'कंट्रोलॉजी' म्हणजे नियंत्रणशास्त्र म्हणत. १९४५ साली त्यांनी जमिनीवर करावयाच्या ३४ व्यायामांचे पुस्तक प्रसिद्ध केले. १९६७ साली ते वारले. त्यांचे आडनाव पद्धतीस पडले ते कायम राहिले.

या पद्धतीचे सार असे: श्वास सोडताना ओटीपोट आत घेऊन देहाचा मध्य स्थिर करावा, आणि तो स्थिर ठेवून हातपाय सावकाश, मोजून व लक्षपूर्वक हलवावे. संख्येस महत्त्व नाही, नेमकेपणास आहे. दहा वेळा ढिलाईने करण्यापेक्षा पाच वेळा बरोबर केलेले अधिक, हा तिचा दंडक होय.

आपल्याकडील परंपरा

परदेशी पद्धत आपणांस कशाला, असे कोणी म्हणेल. ज्या १८८३ साली पिलाटीस जन्मले, त्याच साली ३० ऑगस्ट रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म झाला. हेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून विख्यात झाले. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्याजवळ त्यांनी व्यायामविद्येचे शिक्षण घेतले, पुढे खानदेशात अमळनेर येथे शिक्षणकार्य केले आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम आश्रमाची स्थापना केली. उड्डियान व नौली करताना पोटात दाब कसा पालटतो, हे त्यांनी यंत्रांच्या साहाय्याने मोजले व क्ष-किरणांनीही तपासले. ते प्रयोग 'योगमीमांसा' या त्रैमासिकातून प्रसिद्ध झाले. १९६६ साली, पिलाटीस यांच्या एक वर्ष आधी, ते निवर्तले.

या दोघांनीही एकच स्थान हेरले: देहाचे बळ पोटाच्या मध्याशी असून श्वास ही त्याची किल्ली आहे. फरक इतकाच की, उड्डियानात श्वास पूर्ण सोडून, रोखून पोट आत ओढतात. पिलाटीसच्या रीतीत श्वास चालू ठेवून पोट हलकेच आत धरतात. म्हणून दुसरी रीत शेतात काम करतानाही उपयोगी पडते. पुण्यास १९३७ साली आलेले बी. के. एस. अय्यंगार यांनीही दोर, खुर्ची, पट्टे, ठोकळे यांचा आधार देऊन दुखऱ्या देहाकडून आसने करविली. त्यांची संस्था तेथे १९७५ पासून आहे. सबब ज्यांस योगासनांची सवय आहे, त्यांनी ती सोडून पिलाटीस धरावे, असा आमचा मुळीच आग्रह नाही.

गुण किती येतो

पीकस्पर्धेत जसा शेजारच्या वाफ्याशी तोलून निकाल लावतात, तशा चाचण्या वैद्यकातही होतात. पाठदुखीवरील पिलाटीसच्या अशा १० चाचण्यांचा, एकंदर ५१० माणसांचा, आढावा २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा निघाला की, काही न करणाऱ्यांपेक्षा किंवा नाममात्र उपचार घेणाऱ्यांपेक्षा हा व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे कमी होते. परंतु इतर व्यायामांपेक्षा तो श्रेष्ठ आहे, असे निश्चित म्हणता येत नाही. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या २२८ माणसांच्या एका चाचणीत योगवर्ग व साधे ताण देण्याचे वर्ग यांचा गुण जवळजवळ सारखाच आला. केवळ पुस्तक वाचण्यास दिलेले लोक मागे राहिले. ऑस्ट्रेलियात ७०१ माणसांवर झालेली चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. पाठदुखीतून बरे झालेल्या या लोकांपैकी ज्यांना नियमित चालण्यास लावले, त्यांचे दुखणे उलटण्यास मध्यमानाने २०८ दिवस लागले; इतरांचे ११२ दिवसांतच उलटले.

यावरून दोन गोष्टी ठरतात. कोणता व्यायाम, यापेक्षा व्यायाम नेमाने होतो की नाही, हे महत्त्वाचे. आणि दुखणे थांबल्यावर व्यायाम सोडणे म्हणजे पाऊस थांबताच बांध मोडणे होय. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसंबंधी मार्गदर्शिका काढली. तीत व्यायाम व आपल्या दुखण्याची समजूत यांस स्थान दिले असून, कमरेचे पट्टे सरसकट वापरण्याविरुद्ध मत दिले आहे. बाजारचा पट्टा विकत आणण्यापेक्षा देहातील पट्टा जागा करावा, हे बरे.

कोणी हा व्यायाम परस्पर सुरू करू नये

हे कलम सर्वांनी प्रथम वाचावे. पुढीलपैकी एकही चिन्ह असल्यास व्यायाम न करता डॉक्टरांकडे जावे. लघवी किंवा शौच यांवरचा ताबा गेला किंवा लघवी तुंबली, अथवा मांड्यांच्या आतील व बैठकीचा भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचावे. विलंबाने कायमचे अपंगत्व येऊ शकते. पायातील शक्ती कमी होत जाणे, झाडावरून, गाडीवरून अगर विहिरीत पडल्यानंतरची पाठदुखी, पूर्वी कर्करोग झालेला असणे, वजन घटणे, रात्री पडूनही न थांबणारी वेदना, ही चिन्हे उपेक्षणीय नाहीत. दीर्घकाळ ज्वर, घाम व पाठदुखी असल्यास कण्याचा क्षय असू शकतो. तसेच जनावरांच्या सहवासात राहणाऱ्यांस व कच्चे दूध पिणाऱ्यांस ब्रुसेलोसिस नामक रोग होऊन ज्वरासह पाठ दुखते. हेही डॉक्टरांस सांगावे. उतारवयातील स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असल्यास किरकोळ धक्क्यानेही मणका दबतो. त्यांनी व गरोदर स्त्रियांनी सल्ला घेऊनच व्यायाम करावा.

साधी लचक मात्र बहुधा काही आठवड्यांत उतरते. तीत दीर्घकाळ पडून राहणे हानिकारक होय. सोसेल तितके हिंडतेफिरते राहावे. आम्ही तीन आठवडे पडून राहिलो, ती आमची चूकच झाली. वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने महिनोन्‌महिने घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांस अपाय होतो, हेही विसरू नये.

प्रत्यक्ष पाठ

खाटेवर अगर गादीवर न करता जमिनीवर घोंगडी किंवा सतरंजी अंथरून करावे. जेवणानंतर तीन तास जाऊ द्यावेत. पहाटे उठल्याबरोबर न करता थोडे हिंडून किंवा सायंकाळी करावे. प्रत्येक क्रियेत श्वास कोंडू नये.

पहिला, श्वास. उताणे निजून गुडघे वाकवावे व तळपाय जमिनीवर टेकवावे. हात खालच्या बरगड्यांवर ठेवावे. नाकाने श्वास घेताना बरगड्या दोहों बाजूंस रुंदावल्या पाहिजेत. तोंडाने सावकाश सोडावा. दहा वेळा.

दुसरा, ओटीपोटाचा पट्टा. त्याच स्थितीत श्वास सोडताना बेंबीखालचा भाग हलकेच आत, कण्याकडे घ्यावा. सर्व जोर लावू नये, तिसरा हिस्सा पुरे. कमरेच्या पुढील हाडांच्या दोन बोटे आत बोट दाबून पाहिल्यास तेथे ताण लागतो. पोट आत असताना बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर श्वास कोंडला आहे असे समजावे. दहा सेकंद धरावे, दहा वेळा. पुढील सर्व पाठ या एकावर उभे आहेत.

तिसरा, कटीचे डोलन. कमरेखालची पोकळी सावकाश जमिनीस लावावी, मग किंचित उचलावी व दोहोंच्या मधली सुखाची जागा शोधावी. दहा वेळा.

चौथा, पूल. श्वास सोडत माकडहाडापासून एकेक मणका सोडविल्याप्रमाणे कंबर वर उचलावी, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत उतरती सरळ रेषा व्हावी. दोन श्वास थांबून वरून खाली एकेक मणका टेकवीत उतरावे. आठ वेळा.

पाचवा, एक पाय उचलणे. एका हाताचा पंजा कमरेखाली ठेवावा. पोट आत धरून एक पाय गुडघ्यात काटकोन ठेवून उचलावा व पुन्हा टेकवावा, मग दुसरा. पंजावरचा दाब कमीजास्त झाला तर कंबर हलली असे समजून पाय कमी उचलावा. प्रत्येकी आठ वेळा.

सहावा, चौपायी. खांद्याखाली हात व कमरेखाली गुडघे टेकून चतुष्पादाप्रमाणे राहावे. उजवा हात पुढे व डावा पाय मागे सरळ ताणावा, पाच सेकंद थांबावे, मग उलट. कमरेवर पाण्याचा अर्धा पेला ठेविला आहे व तो सांडू द्यावयाचा नाही, असे मनात धरावे. आमच्या नातवाने एकदा खरोखरीच पेला ठेविला आणि आम्हांस स्नान घडले; तेव्हापासून आमची चूक आम्हांस उमगली. प्रत्येक बाजूस सहा वेळा.

सातवा, पोहणे. पोटाखाली घडी केलेले वस्त्र घेऊन पालथे निजावे. उजवा हात व डावा पाय वीतभर उचलावा, मग उलट. मान वर करू नये. प्रत्येकी सहा वेळा.

आठवा, विसावा. गुडघ्यांवर बसून टाचांवर बैठक टेकवावी व हात पुढे पसरून कपाळ जमिनीस लावावे. गुडघे दुखणाऱ्यांनी त्याऐवजी उताणे निजून गुडघे छातीशी घ्यावे. पाच श्वास.

पहिले दोन आठवडे पहिले तीन पाठ, पुढील दोन आठवडे चौथा व पाचवा मिळवून, आणि त्यानंतर सहावा व सातवा, असा क्रम ठेवावा. विसावा मात्र प्रत्येक वेळी शेवटी घ्यावा. पिलाटीस यांचा 'शंभर' नावाचा प्रसिद्ध व्यायाम आहे. त्यात डोके व पाय उचलून हात वरखाली हलवीत पाच अंकांवर श्वास घेतात व पाच अंकांवर सोडतात, असे दहा वेळा केल्याने शंभर होतात. दुखऱ्या पाठीने तो आरंभी करू नये. सगळ्यास वीस मिनिटे पुरतात. आठवड्यातून तीन दिवस तरी करावेच.

स्नायूंत आंबल्यासारखे दुखले तर चिंता नाही. वेदना पायात, गुडघ्याखाली उतरू लागली तर ती क्रिया थांबवावी. पायातील वेदना मागे सरून कमरेपुरती उरली, तर ते बहुधा सुधारणेचे लक्षण असते.

शेतात पाळावयाची रीत

व्यायाम वीस मिनिटे आणि काम आठ तास. तेव्हा कामाची रीत न सुधारता व्यायामाचा गुण टिकणार नाही. ओझे उचलताना पाय फाकवून ओझ्याजवळ जावे, गुडघ्यांत व जांघेत वाकावे, श्वास सोडत पोट आत घ्यावे, ओझे छातीशी आणावे आणि वळताना कमरेत पीळ न देता पावले फिरवावी. खत गोणीने न नेता बादलीने दोन हातांत सारखे वाटून न्यावे. पंप बांधावर किंवा कमरेइतक्या उंचीच्या ओट्यावर ठेवून पाठीस लावावा, पट्टे सारखे असावेत. पूर्ण भरण्यापेक्षा दोन खेपा अधिक झाल्या तरी चालतील. ओणव्या कामात पाऊण तासाने उठून हात कमरेवर ठेवावे व पाच वेळा मागे कलावे. कपाशीची ओटी भरून लोंबू लागण्यापूर्वीच रिकामी करावी. मिरची निवडणे जमिनीवर वाकून न करता खाटेवर किंवा फळीवर ढीग घालून करावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. ही ओणवी कामे आपल्या तालुक्यात बहुतांशी स्त्रिया करितात. घरच्या असोत वा रोजाने आलेल्या. पाऊण तासाने पाठ सरळ करणाऱ्या बाईस कामचुकार म्हणणारा मालक आपलेच नुकसान करितो. दोन मिनिटांची उसंत देऊन वर्षानुवर्षांची पाठ वाचत असेल, तर हा व्यवहार कोणत्याही हिशेबाने तोट्याचा नाही. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांस कंबरदुखी होती असा अंदाज आहे, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तिचे प्रमाण अधिक आढळते. आपल्या घरातील आकडा आपण प्रथम पाहावा.

उपसंहार

वर्षभराचा आमचा ताळेबंद येणेप्रमाणे आहे. दुखणे समूळ गेले, असे आम्ही म्हणणार नाही. माघात एकदा कंबर पुन्हा धरली. परंतु या खेपेस आम्ही अंथरूण न धरता पहिल्या तीन पाठांवर परत आलो व दहा दिवसांत शेतावर गेलो. जमीन बटईने दिली नाही. खताची गोणी आता आम्ही एकट्याने उचलीत नाही आणि त्यात कमीपणाही मानीत नाही. आमच्या कुटुंबाने प्रथम "या वयात हे लोळणं कसलं" म्हणून हसून घेतले, पण आता सायंकाळी सतरंजी तीच अंथरते. तीस वर्षांचे दुखणे एका वर्षात जात नसते. तथापि मिरचीच्या तोडणीनंतर रात्री कूस पालटताना जी कण्हण्याचा शब्द ऐकू येई, तो आता क्वचितच येतो. तिच्या प्रश्नातील नोंद आम्ही उशिरा का होईना, केली आहे. वाचकांनी आपल्या घरी ती वेळेवर करावी, इतकीच विनंती करून हा पाठ येथे पुरा करितो.